टोचणारा ट्रेबल : एस्प्लनेडचा बाजार आणि घरातली खोली

स्पीकरचा आवाज टोचतो, चिरका लागतो, अर्ध्या तासात कान थकतात, अशी तक्रार असते तेव्हा ती बहुतेक वेळा २ ते ८ किलोहर्ट्झ या पट्ट्याबद्दल असते. माणसाच्या कानाची नळी साधारण ३ किलोहर्ट्झच्या आसपास घुमते, त्यामुळे २ ते ५ किलोहर्ट्झमधला आवाज मुळातच सर्वांत जास्त जाणवतो. तान्ह्या मुलाच्या रडण्याचा मोठा हिस्सा याच भागात असतो. त्याच्या वर, ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये, गाणाऱ्याचे ‘स’ आणि ‘श’ राहतात. १० किलोहर्ट्झच्या पुढे उरते ती टाळांची आणि घुंगरांची झिलई. ती जास्त झाली तरी सहसा बोचत नाही, फक्त आवाज अंमळ पातळ वाटतो. २ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबलची वाढ कागदावर क्षुल्लक दिसते, पण ती अनेक सप्तकांऐवजी एका सप्तकात साचली की भजनाच्या ध्वनिमुद्रणात टाळ पखवाजाला गिळून टाकतात.

टोचणे ही सापेक्ष गोष्ट आहे. ट्रेबल (वरचे स्वर) वाढले तरी आवाज टोचतो, आणि ट्रेबल जागच्या जागी राहून खर्ज (खालचे स्वर) कमी झाला तरीही टोचतो. शिवाय स्पीकर, खोली, कान आणि ध्वनिमुद्रण या चौघांपैकी कोणीही दोषी असू शकतो. घरोघरी दोष दिला जातो तो मात्र स्पीकरला, कारण पैसे त्याचेच मोजलेले असतात. प्रत्यक्षात भारतीय घरांत तरी पहिला संशयित खोली असते, आणि कोलकात्याच्या मध्यवस्तीत तर निश्चितच.

कोलकात्यातले एस्प्लनेड हे ठिकाण या विषयाला योगायोगाने जोडलेले नाही. ट्रामचा जुना अड्डा, बसगाड्यांची गर्दी आणि १९८४ साली देशातली पहिली मेट्रो जिथून सुटली ते स्थानक, एवढ्याच आवारात आवाजाचा व्यापार शतकभराहून जुना आहे. ध्वनिमुद्रक फ्रेड गायझबर्गने नोव्हेंबर १९०२ मध्ये गायिका गौहर जानचा आवाज याच शहरात मुद्रित केला. त्याच दशकात हेमेंद्रमोहन बसू यांचा ‘टॉकिंग मशीन हॉल’ जवळच्या धर्मतल्ल्यात सुरू झाला आणि १९०८ मध्ये सियालदहला तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला. पुढे तो दमदमला हलला. आज एस्प्लनेडहून उत्तरेला पाच-दहा मिनिटे चालले की चांदनी चौकाचा बाजार आणि मदन स्ट्रीट लागतो. खालच्या स्वरांचे सुटे वूफर, वरच्या स्वरांचे ट्वीटर, दोघांत स्वर वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरच्या पट्ट्या, अ‍ॅम्प्लिफायरचे बोर्ड, रिकाम्या पेट्या असे सगळे तिथे मिळते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत फिरलेल्या माणसाला तिथे परके वाटत नाही.

अशा बाजारात स्पीकर ऐकून निवडणे ही टोचण्याची सुरुवात असते. रस्त्यावरच्या वाहनांचा गोंगाट मुख्यतः खालच्या स्वरांचा असतो. बसचे इंजिन आणि ट्रामची घरघर स्पीकरमधला खर्ज झाकून टाकतात, ट्रेबल मात्र त्या गोंगाटावरून सहज तरंगत येते. म्हणून उघड्या दुकानात ज्या स्पीकरचे ट्रेबल चढे, तोच ‘क्लिअर’ वाटतो आणि समतोल स्पीकर दबका ठरतो. दुकानदार आवाज मोठा ठेवतो, आणि दोन स्पीकरांपैकी किंचित मोठा वाजणारा चांगला वाटणे हा कानाचा जुना स्वभाव आहे. घरी रात्री दहा वाजता, शांततेत, कमी आवाजात तोच स्पीकर लावला की चित्र उलटते. आवाज कमी केला की कानाला खर्ज ट्रेबलपेक्षा जास्त वेगाने कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलेला हा परिणाम जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवरच्या ‘लाउडनेस’ बटणाने भरून निघत असे. ते बटण बहुतेक नव्या यंत्रांवरून नाहीसे झाले, हे फॅशनचे काम आहे, शहाणपणाचे नाही.

घरातल्या उपायांना हात घालण्यापूर्वी काही साध्या चुका वगळाव्या लागतात. दोनपैकी एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट जोडल्या असतील, तर दोन्हींचा खर्ज एकमेकाला मारतो आणि राहिलेला आवाज पातळ व कर्कश वाटतो. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहिला की दोन्ही वूफर एकाच दिशेने सरकतात की नाही हे कळते. स्पीकर जुने असतील तर वूफरची कड तपासावी. फोमची कड कोलकात्याच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत भुगा होऊ शकते, मग खर्ज जातो आणि दोष बिचाऱ्या ट्वीटरवर येतो. उलट जुन्या क्रॉसओव्हरमधले कंडेन्सर सुकले तर ट्रेबल बहुधा कमीच होते, त्यामुळे जुना स्पीकर अचानक टोचू लागला की आधी वूफरकडे पाहावे. तिसरी गोष्ट अ‍ॅम्प्लिफायरची. छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या ताकदीपलीकडे पिळले की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात आणि मुळात नसलेले वरचे स्वर तयार होतात. आवाज एका ठरावीक पातळीच्या वर गेल्यावरच टोचत असेल तर कारण बहुधा हेच असते. अशा वापरात ट्वीटर जळतातही.

आता खोली. चौरंगी आणि धर्मतल्ल्याच्या मागच्या जुन्या इमारतींत छत चार मीटर उंच, त्याला लोखंडी किंवा लाकडी तुळया, जमीन घोटलेल्या लाल सिमेंटची, भिंती चुन्याच्या किंवा सिमेंटच्या गिलाव्याच्या. नव्या फ्लॅटमध्ये उंची कमी होते, पण लाल सिमेंटच्या जागी चकचकीत टाइल आणि खिडकीच्या जागी काचेचे सरकते तावदान येते. कानाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच कठोर. गिलावा आणि टाइल त्यांच्यावर पडलेल्या आवाजातला शंभरातला दोन-चार भागच शोषतात. काचेची तावदाने आणि प्लायवुडची कपाटे याहून वाईट काम करतात : ती थरथरून थोडा खर्ज शोषतात आणि ट्रेबल जवळजवळ पूर्ण परत पाठवतात.

याचा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिनने घालून दिला. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात काही केल्या शब्द कळत नव्हते. १८९५ पासून त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री आणून, खोलीतला आवाज विरायला किती वेळ लागतो ते पुन्हा पुन्हा मोजले. त्यातून निघालेले सूत्र आजही चालते : खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचे, त्याला ०.१६१ ने गुणायचे आणि एकूण शोषणाने भागायचे. उत्तर येते ते आवाज ६० डेसिबलने खाली यायला लागणाऱ्या सेकंदांचे. शोषण मोजण्याचे माप होते उघडी खिडकी. एक चौरस मीटर उघड्या खिडकीतून जो आवाज बाहेर गेला तो परत येत नाही, म्हणून तिचे शोषण पूर्ण एक.

पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि चार मीटर उंच अशी जुन्या इमारतीतली खोली घेऊ. घनफळ ८० घनमीटर, सगळ्या पृष्ठभागांचे मिळून क्षेत्रफळ ११२ चौरस मीटर. शोषण सरासरी शंभरात तीन धरले तर एकूण जेमतेम ३.४ येते आणि आवाज विरायला पावणेचार सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. देवळाच्या गाभाऱ्यात हे शोभते, द्रुत तानेला मात्र मारक आहे. एका सुराच्या शेपटीवर दुसरा, त्यावर तिसरा असा ढीग होतो, आणि ट्रेबल शोषणारे काहीच नसल्यामुळे त्या ढिगाऱ्यात बोचरा भागच जास्त उरतो. याच खोलीत सहा चौरस मीटर कापसाच्या गाद्या आणि लोड, आठ चौरस मीटरचे चुणीदार जाड पडदे, एक जाड सतरंजी किंवा गालिचा, पुस्तकांनी भरलेले कपाट आणि ऐकणारी दोन माणसे आली की मधल्या-वरच्या स्वरांसाठी शोषण सतराच्या घरात जाते आणि वेळ पाऊण सेकंदावर येतो. दोन मोठ्या खिडक्यांच्या झिलमिल्या पूर्ण उघडल्या तर आणखी तीन चौरस मीटर फुकट मिळतात आणि वेळ ०.६३ सेकंदापर्यंत उतरतो, फक्त त्या वाटेने एस्प्लनेडचे हॉर्न आत येतात. घरात संगीत ऐकायला साधारण अर्धा सेकंद चांगला, म्हणजे हे अंतर फार उरत नाही.

हा हिशेब मराठी वाचकाला ओळखीचा वाटावा. भिंतीला लोड, खाली गाद्या, दारा-खिडक्यांना पडदे अशी बैठकीची खोली ही ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने उत्तम खोली होती. तिची जागा काचेच्या टीपॉयने आणि लाकडी दिवाणाने घेतली, तेव्हापासून घरातले स्पीकर जास्त टोचू लागले. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वीची सर्वांत उपयोगी परीक्षा हीच : घरातल्या सगळ्या गाद्या, उशा, रजया त्या खोलीत आणून भिंतींना टेकवायच्या आणि ओळखीचे गाणे लावायचे. टोचणे गेले तर दोष खोलीचा. बऱ्यापैकी राहिले तर स्पीकरकडे किंवा ध्वनिमुद्रणाकडे वळावे.

शोषक वस्तूची जाडी महत्त्वाची असते. सच्छिद्र वस्तू तिच्या जाडीच्या चौपट लांबीच्या लहरीपर्यंत चांगले काम करते. एक किलोहर्ट्झची लहर सुमारे ३४ सेंटीमीटरची, म्हणजे तिच्यासाठी आठ-नऊ सेंटीमीटर जाडी हवी. बाजारात मिळणारा अडीच सेंटीमीटरचा खाचेदार फोम तीनेक किलोहर्ट्झच्या वरच प्रभावी ठरतो. तोच सगळ्या भिंतींना चिकटवला तर वरची झिलई मरते, मधला गोंगाट तसाच राहतो आणि खोली गुदमरते. अंड्यांच्या ट्रेबद्दल तर बोलायलाच नको, ती पुठ्ठ्याची शोभा आहे. दहा सेंटीमीटर जाडीचे, कापडात गुंडाळलेले रॉकवूलचे दोन-चार पाट योग्य जागी लावलेले बरे. दमट हवेत कापसाच्या गादीला वास येतो, रॉकवूलला येत नाही, हाही मुद्दा आहे.

योग्य जागा म्हणजे पहिल्या परावर्तनाची. ऐकणाऱ्याने आपल्या जागेवर बसावे, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यावा, आणि ज्या ठिकाणी आरशात ट्वीटर दिसेल तिथे पाट लावावा किंवा जाड पडदा सोडावा. छत आणि जमीन यांनाही हाच नियम लागू आहे. जमिनीसाठी गालिचा पुरतो. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये टाळी वाजवल्यावर झर्रर्र असा धातूसारखा पडसाद येत असेल, तर त्यांपैकी एका भिंतीला पुस्तकांचे कपाट लावावे.

स्पीकर ठेवण्याची पद्धत फुकटात बदलता येते, तरी तिच्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते. २५ मिलिमीटरच्या ट्वीटरचा आवाज पाच-सात किलोहर्ट्झच्या वर सरळ रेषेत एकवटत जातो. तेव्हा स्पीकरचे तोंड थेट कानावर रोखण्याऐवजी दहा-वीस अंश बाहेर वळवले, किंवा दोन्हींच्या रेषा ऐकणाऱ्याच्या पुढेच एकमेकींना छेदतील इतके आत वळवले, तर कानापर्यंत येणारे वरचे स्वर एक-दोन डेसिबलने उतरतात. दुसऱ्या पद्धतीत बाजूच्या भिंतीवर पडणारा आवाजही कमी होतो, म्हणून अरुंद खोलीत ती जास्त चांगली. उंचीचे गणित खुर्ची धरून लिहिलेले असते : ट्वीटर ९० ते १०० सेंटीमीटरवर. गादीवर मांडी घालून बसणाऱ्याचा कान सुमारे ७० ते ८० सेंटीमीटरवर असतो, त्यामुळे त्याने स्टँड कमी करावा किंवा पेटी किंचित पुढे झुकवावी.

लहान पेटी भिंतीपासून दूर ठेवली की ती पातळ वाजते, यालाही कारण आहे. पेटीच्या रुंदीपेक्षा बऱ्याच लांब असलेल्या लहरी पेटीला वळसा घालून मागे निघून जातात. २० सेंटीमीटर रुंद पेटीत हे सुमारे ५७५ हर्ट्झच्या खाली सुरू होते आणि नुकसान सहा डेसिबलपर्यंत जाऊ शकते. निर्मात्याने क्रॉसओव्हरमध्ये याची भरपाई पुरेशी केलेली नसेल तर पेटी मागच्या भिंतीकडे सरकवणे हाच उपाय. खर्ज भरला की तेच ट्रेबल मवाळ वाटू लागते. सबवूफर जोडल्यावर स्पीकरच बदलल्यासारखे वाटते, ते याच कारणाने.

स्पीकरचा स्वतःचा दोष असतो तेव्हा तो बरेचदा वूफर आणि ट्वीटर यांच्या सांध्यावर असतो. १६ सेंटीमीटरचा वूफर दोन किलोहर्ट्झच्या वर अरुंद झोतासारखा वाजतो, आणि त्याच जागी काम हाती घेणारा ट्वीटर चहूकडे पसरतो. समोर मोजले तर रेषा सपाट, पण बाजूंना ३ ते ५ किलोहर्ट्झचा आवाज जास्त फेकला जातो आणि टाइलच्या खोलीत तोच परत येऊन टोचतो. धातूच्या घुमटाला यात उगाच बदनाम केले जाते. चांगल्या अ‍ॅल्युमिनियम ट्वीटरचा स्वतःचा नाद २० किलोहर्ट्झच्या पलीकडे असतो, आणि वाईट सांध्यावर बसवलेला रेशमी ट्वीटरही चिरकतो.

बाजारातून जुळवलेल्या पेट्यांत सांधाच नसतो असे म्हटले तरी चालेल. वूफर सरळ अ‍ॅम्प्लिफायरला, आणि ट्वीटरच्या वाटेत एकच कंडेन्सर. ८ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असेल तर तो सुमारे ४.२ किलोहर्ट्झपासून वाजतो, २.२ चा असेल तर ९ किलोहर्ट्झपासून. वूफरला वर कुणी अडवत नसल्याने दोघेही एकाच पट्ट्यात बोलतात. इथे वूफरला कॉइल घालणे आणि ट्वीटरला रेझिस्टरची जोडी लावणे हा खरा उपाय. ८ ओहमच्या ट्वीटरसमोर २.२ ओहमचा रेझिस्टर ओळीत आणि १८ ओहमचा समांतर, दोन्ही १० वॉटचे पांढरे सिमेंट रेझिस्टर, असे जोडले की ट्वीटर जवळजवळ तीन डेसिबलने खाली येतो आणि कंडेन्सरला दिसणारा भार तसाच राहतो. फक्त ओळीतला रेझिस्टर लावला तर भार वाढतो आणि सांधा जागेवरून सरकतो. खर्च चहा-बिस्किटांच्या हिशेबातला असतो. कंपनीच्या तयार स्पीकरला मात्र वॉरंटी संपेपर्यंत हात लावू नये.

याच जातीचा एक प्रसिद्ध जुगाड यामाहाच्या एनएस-१० या स्पीकरवर झाला. १९७८ मध्ये तो घरगुती वापरासाठी निघाला आणि घरांत फारसा चालला नाही. ध्वनिमुद्रकांनी त्याला स्टुडिओत नेले आणि चढे ट्रेबल आवरण्यासाठी ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवला. कोणता कागद किती थरांत लावावा यावर मोजमापे झाली. यामाहाने १९८७ मध्ये स्टुडिओसाठी वेगळी आवृत्ती काढून त्यात ट्वीटर नरमच केला. कागद आवाज कमी करतो तसे त्याचे काही भाग एकमेकांत मिसळून बिघडवतोही, म्हणून रेझिस्टर हाच सरळ मार्ग. आजच्या अ‍ॅक्टिव्ह स्टुडिओ मॉनिटरच्या पाठीवर यासाठी बटणच असते. १९७० पासून कोलकात्यात स्पीकर बनवणाऱ्या सोनोडाइनसारख्या कंपन्यांमुळे असे मॉनिटर आता घरीही पोचले आहेत.

टोन कंट्रोलकडे शुद्धतावादी नाक मुरडतात. पीटर बॅक्सँडलने १९५२ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात मांडलेले मंडल आजही बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रेबल-बास घुंड्यांमागे आहे, आणि त्याच्या कामाची मर्यादा कळली की ते उपयोगीच पडते. ही घुंडी १० किलोहर्ट्झला सर्वांत जास्त आणि ३ किलोहर्ट्झला थोडीशीच हलवते. दोष ३ किलोहर्ट्झला असेल तर घुंडी कमी करून झिलई जाते, टोचणे राहते. अशा वेळी नेमक्या पट्ट्यावर दोन-तीन डेसिबल कापणारा डिजिटल इक्वलायझर लागतो. मोजणीचा मायक्रोफोन आणि मोफत मिळणारा रूम ईक्यू विझार्ड हा कार्यक्रम वापरून तो पट्टा शोधता येतो.

मोजणीत मात्र एक सापळा आहे. आलेख सपाट करावा असे नवशिक्याला वाटते, आणि ऐकण्याच्या जागी मोजलेली रेषा सपाट केली की आवाज हमखास टोचू लागतो. चांगला स्पीकर मोकळ्या जागेत सपाट असतो. खोलीत त्याचा खर्ज चहूकडून परततो, ट्रेबल कमी परतते, त्यामुळे खोलीतली रेषा आपोआप खर्जाकडून ट्रेबलकडे उतरती होते आणि कानाला तीच नैसर्गिक वाटते. मोजणीची यंत्रे बनवणाऱ्या ब्रुएल अँड केअर कंपनीने १९७४ मध्ये सुचवलेली रेषा अशीच उतरती होती, आणि फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांच्या ऐकण्याच्या चाचण्यांतून हेच पुन्हा दिसले. म्हणून उतार राखून फक्त वर आलेले उंचवटे कापावेत. तारा बदलून आवाज मऊ होण्याची आशा मात्र सोडून द्यावी. घरातल्या चार-पाच मीटर तारेला पुरेशी जाडी असली की तिचे काम संपते.

उरते ध्वनिमुद्रण, आणि ऐकणाऱ्याचे वय. वाढत्या वयात वरचे स्वर कमी ऐकू येतात, पण मोठा आवाज सोसण्याची ताकदही कमी होते. त्यामुळे आजोबांना ‘ऐकू येत नाही’ आणि ‘टोचतंय’ या दोन्ही तक्रारी एकाच वेळी असू शकतात, आणि नातवाने लावलेला इक्वलायझर त्यांना पटत नाही. जुन्या मराठी नाट्यपदांचे शौकीन बरेचदा याच वयाचे असतात. त्यांच्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या तबकड्या कोलकात्याच्या याच कारखान्यात, आधी सियालदहला आणि मग दमदमला, छापल्या जात. १९२५ पूर्वीच्या, भोंग्यासमोर गाऊन घेतलेल्या मुद्रणांत दोन-अडीच किलोहर्ट्झच्या वर गायकाचे जवळजवळ काहीच नाही. त्यानंतरच्या विजेवरच्या मुद्रणांत ते सुरुवातीला पाच किलोहर्ट्झपर्यंत पोचते. त्याच्या वर ऐकू येते ते लाखेचे खरखरणे. डिजिटल आवृत्ती काढताना जुना आवाज ‘उजळ’ करण्यासाठी हाच भाग वाढवलेला असतो, आणि कठोर खोलीत, बाजारातून आणलेल्या चढ्या ट्वीटरवर तो असह्य होतो. अशा मुद्रणांसाठी ट्रेबलची घुंडी निर्धास्तपणे अर्ध्याहून खाली न्यावी, गायकाचे त्यात फारसे काही जात नाही. तानपुऱ्याच्या जवारीसकट केलेल्या नव्या मुद्रणाला मात्र ती पुन्हा मधोमध आणावी लागते.